धुतलेल्या टाकीला पुन्हा पाणी

दूध पावडरच्या त्या कारखान्यात सगळेच त्यांना दाजी म्हणत. मॅनेजरसाहेब म्हणत, वजनकाट्यावरची बाई म्हणे, टँकरचे ड्रायव्हरही म्हणत. वास्तविक ते दाजी होते एकाच माणसाचे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात दुपारच्या शिफ्टला लागला आणि पहिल्याच दिवशी भर खात्यात "अहो दाजी!" अशी हाक मारून मोकळा झाला. त्या दिवसापासून दाजींचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. भावाची गतही वेगळी झाली नाही. त्याला सगळे मेव्हणा म्हणू लागले, आणि हाक मारली की तोही मुकाट्याने ओ देई. दाजींच्या बायकोला कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिची चौकशी करताना ते म्हणत, "काय, ताई बऱ्या आहेत ना?" एका घरातली नाती सगळ्या कारखान्याने आपली म्हणून वापरायला घेतली होती.

दाजींचं काम सकाळच्या शिफ्टला टाक्या धुण्याचं, आणि दुपारच्या शिफ्टला तेच काम मेव्हण्याचं. दूध आलं की ते उंच उभ्या टाक्यांमध्ये भरायचं, तिथून ते आटवायच्या यंत्रात जायचं आणि शेवटी त्याची पावडर व्हायची. टाकी रिकामी झाली की दाजींचं राज्य सुरू. आधी साध्या पाण्याचा फवारा, मग कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग ॲसिड आणि शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी. बटण दाबलं की हे सगळं यंत्रच करायचं, पण यंत्राने केलं म्हणून दाजींचं समाधान होईल तर शपथ. शेवटचं पाणी निथळलं की ते झाकण उघडत, डोळे मिटत आणि आतला वास घेत. कसलाच वास आला नाही की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू फुलांच्या बागेत उभे आहेत.

माणूस लाख होता, फक्त पाण्याच्या बाबतीत अगदी उधळ्या. जिथे बादलीभर पुरेल तिथे दाजी पाइप सोडणार, आणि पाइप सोडला की तो बंद करायला त्यांना जिवावर यायचं. घरी ताईचा कारभार बरोब्बर उलटा. तिच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना जाई, कपड्यांचं पाणी मोरी धुवायला. दाजी अंघोळीला गेले की थोड्या वेळाने ती दारावर थाप मारून विचारायची, "अहो, अंघोळ चाललीये की टाकी धुताय?"  आतला पाण्याचा आवाज थोडा कमी व्हायचा.

या उधळपट्टीमागे एक जुनं दुखणं होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत दाजींनी आदल्या शिफ्टच्या माणसाने धुतलेल्या टाकीत बिनधास्त दूध भरलं, आणि दुपारपर्यंत ते सगळं नासलं. टाकीभर दूध आंबट. ते ओतून देताना जो भपकारा आला तो दाजींच्या नाकातून पुढे कधी गेलाच नाही. दोष त्यांचा नव्हता, कोणी त्यांना बोललंही नाही, पण दाजींनी त्या दिवशी कानाला खडा लावला. पुढे मेव्हणा कामाला लागला तेव्हा दाजींनी त्याला टाकीपुढे उभं करून मोठ्या गांभीर्याने सांगितलं होतं, "हे बघ, दुसऱ्याच्या धुण्यावर कधी विसंबायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही." मेव्हण्याने मान डोलावली होती. आपलं म्हणणं त्याने किती मनावर घेतलंय, हे दाजींना कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

तर झालं असं, की त्या वर्षी धरणातलं पाणी खाली गेलं आणि नगरपालिकेने कारखान्याच्या पाण्यात मोठी कपात केली. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. ते फारच सज्जन गृहस्थ, वाईट बातमी देताना त्यांचाच घसा बसायचा. त्या दिवशी तो पार बसला. मिळेल तेवढ्या पाण्यात काम भागवता आलं नाही, तर दुपारची शिफ्ट बंद करावी लागेल, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. दुपारच्या शिफ्टच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.  इथली नोकरी गेली तर मेव्हण्याला बायकामुलांना घेऊन लांबच्या शहरात, सासुरवाडीच्या आसऱ्याने दुसरं काम शोधावं लागणार होतं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा ताई चहा घेत होती. तिचे आईवडील जाऊन खूप वर्षं झाली होती, घरही विकलं गेलं होतं. तिचं माहेर म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारा हा भाऊ, एवढंच उरलं होतं. मन भरून आलं की ती चपला अडकवून त्याच्याकडे जायची, तासभर त्याच्यावर खेकसायची आणि हसतमुखाने परत यायची. आता ती हातातला कप नुसताच फिरवत राहिली.  रडणारी बायको दाजींना कळायची, ओरडणारी तर रोजचीच होती, पण गप्प बसलेल्या ताईपुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चारच दिवसांत साहेबांनी पाणी वाचवायला बोलावलेली इंजिनीअर हजर झाली. चणीने एवढीशी, डोक्यावरचं हेल्मेट मात्र तिच्याहून मोठ्या माणसाचं, त्यामुळे ते सारखं डोळ्यांवर यायचं आणि ती बोटाने ते वर ढकलत बोलायची. तिने दिवसभर कारखाना पालथा घातला आणि संध्याकाळी जाहीर केलं, "तुमच्याकडे पाणी आहे. तुम्ही ते गटारात सोडताय."

दूध आटवताना त्याची जी वाफ होते तिचं थंड होऊन पाणी बनतं. दुधात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे हे पाणी थोडंथोडकं नव्हतं. आजवर ते कोमट कोमट वाहून जायचं आणि हिवाळ्यात मांजरं त्या गटाराच्या कडेला शेकत बसायची, एवढाच त्याचा उपयोग होता. हे ऐकून टँकरचा एक ड्रायव्हर कपाळावर हात मारून म्हणाला, "कमाल आहे! सगळी दुनिया दुधात पाणी घालते, आणि आपण दुधातलं पाणी काढून फेकून देतोय!" सगळे पोट धरून हसले. दाजी मात्र हसले नाहीत.

"मॅडम, त्या पाण्याने माझी टाकी धुवायची? त्याला दुधाचा वास येतो."

"गाळून, शुद्ध करून देणार आहे मी, दाजी. आधी बघा तरी."

फिल्टर बसले, तपासण्या झाल्या, आणि एके दिवशी इंजिनीअरने दोन ग्लास त्यांच्यापुढे ठेवले. "यातलं नळाचं कुठलं ते सांगा." दाजींनी दोन्हींचा वास घेतला, घोट घेतले, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि ठामपणे डावीकडचा ग्लास उचलला. "हे नळाचं. दुसऱ्याला जरा वास आहे."

"वास आहे खरा," इंजिनीअर म्हणाली, "नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं त्याचा. तुमच्या हातात आहे ते दुधाचं."

खात्यात हशा पिकला. दाजी क्षणभर ओशाळले आणि मग स्वतःच इतके हसले की हातातलं पाणी शर्टावर सांडलं. हरल्यावर खुल्या दिलाने हसणारी माणसं कमी असतात, दाजी त्यातले होते. "बरं बाई," ते म्हणाले, "जोडा तुमचा पाइप."

त्यानंतर तिने आणखी एक युक्ती केली. धुण्याच्या शेवटी जे पाणी निघतं ते जवळजवळ स्वच्छच असतं, ते वेगळ्या टाकीत साठवून पुढच्या धुण्याच्या पहिल्या फवाऱ्याला वापरायचं. यावर दाजींची हरकत टिकली नाही, कारण घरी ताई तेच करत होती आणि घरी हरलेला वाद कारखान्यात जिंकायची त्यांना आशा नव्हती. मीटरचा आकडा उतरू लागला. खाली आला, आणखी खाली आला, आणि जिथे यायला हवा त्याच्या थोडा वर येऊन हटून बसला.

इंजिनीअरने दिवसभराच्या पाण्याचा आलेख काढून भिंतीवर लावला. त्यात दोन ठिकाणी टेंगळं आली होती. एक सकाळी काम सुरू होण्याआधी आणि एक दुपारी शिफ्ट बदलताना.

"या वेळी टाक्या धुऊन तयार असतात," ती हेल्मेट वर ढकलत म्हणाली. "त्यांच्यावर 'धुतली' म्हणून पाटी लटकलेली असते. दूध हलत नाही, यंत्रं बंद. मग पाणी जातं कुठे?"

 दाजी मूग गिळून बसले. सकाळी आल्यावर मेव्हण्याने धुतलेल्या टाकीला आपण हलकेच एक पाणी फिरवतो, हे त्यांना माहीत होतं. पण एका पाण्याने असं काय होणार? एवढं मोठं टेंगूळ काही आपलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यांचं ते 'हलकेच एक पाणी' कधी एक नसायचं आणि हलकं तर मुळीच नसायचं, हा भाग वेगळा. पलीकडे मेव्हणाही छताकडे बघत होता.

"म्हणजे जमिनीखाली कुठेतरी गळती आहे," इंजिनीअरने निष्कर्ष काढला. "खोदू या."

मग जे खोदकाम सुरू झालं ते काय सांगावं. बॉयलरच्या मागचं अंगण उकरलं, कॅन्टीनच्या बाजूने चर गेला, सायकल स्टँड हलवला. दुपारची शिफ्ट वाचवायची म्हणून सगळ्यांनी फावडी घेतली. सगळ्यांत पुढे दाजी आणि मेव्हणा. घामाने निथळत, खांद्याला खांदा लावून दोघे खणत होते, आणि जो तो दुसऱ्याला धीर देत होता. "सापडेल रे, सापडेल." "सापडणारच दाजी, जाईल कुठे?" खाली पाइप मिळाला तो ठणठणीत कोरडा. मॅनेजरसाहेब पाहणीला आले आणि चरात अडकलेला एक बूट तिथेच ठेवून परतले.

रविवारी मेव्हणा एकटाच बहिणीकडे जेवायला आला. दोघांचे हात फोडांनी भरलेले, कंबरा मोडलेल्या, चेहरे पडलेले. ताईने पोटभर वाढलं आणि जेवणं झाल्यावर फर्मान काढलं, "उगाच सुतकी चेहरे करून बसू नका. भांडी घासा, तेवढंच डोकं ताळ्यावर येईल. तुम्ही धुवा, आणि तू पुसून ठेव."

दाजींनी बाह्या सरसावल्या. एक ताट घासलं, धुतलं, मेव्हण्याकडे दिलं. मेव्हण्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि ताट गुपचूप नळाखाली धरून पुन्हा धुतलं. मग पुसून ठेवलं. दाजींनी वाटी धुऊन दिली, मेव्हण्याने ती पण नळाखाली धरली. दाजींनी ते तिरक्या डोळ्याने पाहिलं. त्याने पुसून ठेवलेलं ताट त्यांनी काही न बोलता उचललं आणि परत विसळलं. मेव्हण्याने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पुन्हा नळाखाली नेलं. ताट एकच होतं आणि नळ वाहत होता.

दारात ताई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एवढंच विचारते," ती म्हणाली, "कारखान्यातही असंच करता का दोघं?"

नळ बंद झाला. दाजींनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने दाजींकडे पाहिलं.

"तू माझी टाकी परत धुतोस?" दाजींचा आवाज चिरकला.

"रोज," मेव्हणा म्हणाला. "आणि तुम्ही माझी?"

"...रोज."

"मग आपण ते अंगण कशाला खणलं हो दाजी?"

ताईला जे हसू फुटलं ते आवरेना. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत हसत राहिली. मेव्हणा हसता हसता ओट्याला टेकला. दाजींना मात्र अजून राग आवरायचा होता. "अरे पण का? माझ्या धुण्यात कधी खोट निघालीये?"

"नाही."

"मग?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना? दुसऱ्याच्या धुण्यावर विसंबायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. मी आपला ऐकत आलो."

 दाजी पाटावर बसले. आपण एकदा शिकवलेलं एवढ्या इमानाने पाळणारा माणूस, आणि त्याच्याच कामावर आपण रोज पाणी ओतलं, ते त्यांना फार लागलं. मग उठून, मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "चुकीचं शिकवलं रे तुला मी." मेव्हण्याला हे अवघड झालं. जन्मात कधी न चुकलेले दाजी असे चुकलेले पाहायची त्याला सवय नव्हती. "जाऊ द्या हो," तो म्हणाला, "धुणं तरी चांगलं शिकवलंत."

सोमवारी दोघांनी जाऊन चराकाठी उभ्या असलेल्या इंजिनीअरला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले, मग ती हसायला लागली, आणि त्या नादात हेल्मेट गळून चरात पडलं. मॅनेजरसाहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की आता त्यांना त्यांचा बूट काढून घेता येईल का.

कबूल करणं त्यामानाने सोपं होतं. खरी कसोटी मंगळवारी सकाळी होती. दाजी आले. मेव्हण्याने रात्री दुधाच्याच पाण्याने धुतलेली टाकी समोर उभी होती, कडीला पाटी. इंजिनीअरने आत कापसाचा बोळा फिरवून तो छोट्या यंत्रात तपासला, आकडा स्वच्छ आला. दाजींनी झाकण उघडून वास घेतला, वासही नव्हता. टँकर लागला होता आणि ड्रायव्हर पाइप घेऊन तयार होता.

"दाजी, जोडू का?"

 आकडा म्हणत होता स्वच्छ, नाक म्हणत होतं स्वच्छ, दाजींचा हात मात्र ऐकेना. तो आपोआप फवाऱ्याच्या बटणाकडे निघाला. तो जुना आंबट भपकारा पुन्हा नाकात शिरला. एकदाच फिरवावं पाणी, अगदी एकदाच, कोणाला काय कळणार? मग त्यांना कप फिरवत बसलेली ताई दिसली. त्यांनी हात खिशात कोंबला, डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, "जोड!"

दूध टाकीत पडू लागल्याचा आवाज आला. दाजी दर थोड्या वेळाने प्रयोगशाळेच्या काचेतून डोकावत राहिले, इतके की तिथल्या बाईने शेवटी पडदा ओढला. दुपारी तिने दार उघडून सांगितलं, "दाजी, दूध उत्तम आहे. आता जा, मला जेवू द्या." दाजींचा जीव भांड्यात पडला.

शिफ्ट संपली, पण दाजी घरी गेले नाहीत. आज त्यांनी टाकी अशी धुतली होती जशी आयुष्यात धुतली नसेल, कारण त्यांच्यामागून कोणी पाणी फिरवणार नव्हतं. निदान ठरलं तरी तसं होतं. मेव्हणा शब्द पाळतो का, हे बघायला ते पावडरच्या पोत्यांच्या थप्पीमागे दडून बसले. मेव्हणा आला. पाटी वाचली. झाकण उघडून वास घेतला, अगदी दाजींसारखे डोळे मिटून. बटणाशी त्याचा हात घुटमळला. मग त्याने तो खाली घेतला आणि गडबडीने हाक दिली, "सोडा रे दूध!"

दाजींना राहवेना. "शाब्बास!" म्हणत ते थप्पीमागून उठले. मेव्हणा हातभर उडाला.

"दाजी! लपून बघत होता होय? एवढाच का विश्वास?"

"बघत होतो तर! आणि तू सकाळी काय करत होतास?" हा दाजींनी उगाच अंधारात मारलेला तीर होता, पण मेव्हण्याचे कान लाल झाले.

"बॉयलरच्या मागून बघत होतो," तो पुटपुटला. "पहाटेच येऊन बसलो होतो."

दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून इतके हसले, की खात्यातल्या लोकांना वाटलं शिफ्ट वाचल्याची बातमी आली.

ती बातमी यायला मात्र आठवडा लागला. रोज भिंतीवर नवा आलेख लागे आणि लोक चहा सोडून तो बघायला येत. पहिल्या दिवसापासून टेंगळं नाहीशी झाली होती, पण आठवडाभर टिकलं तरच खरं, असं इंजिनीअरने बजावलं होतं. शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेब अंगणात आले, बुजवलेल्या चराला जपून वळसा घालून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन्ही शिफ्ट चालू राहतील." त्यांचा घसा इतका मोकळा असू शकतो हे कोणाला ठाऊकच नव्हतं. अंगणात एकच गलका उठला.

मेव्हण्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "ताई," एवढंच तो म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. त्याने फोन दाजींच्या हातात दिला.

"अगं, ऐक," दाजींनी जोरात सुरुवात केली. "तुझं माहेर आता..." आणि तेही बाहीने डोळे पुसू लागले. फोनमधून ताईचा घाबरलेला आवाज येत होता, "अहो, काय झालं? कोणीतरी बोला ना!" दाजींनी दोन्ही हातांनी फोन शेजारी उभ्या असलेल्या इंजिनीअरपुढे धरला.

तिने हेल्मेट काढून काखेत धरलं आणि फोन कानाला लावला. "ताई, मी इंजिनीअर बोलतेय," ती म्हणाली. "दोघंही रडताहेत, पण काळजी करू नका. तुमचा भाऊ इथेच राहणार आहे."